आणखी एक ओसाड बेट

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर दिलेला निकाल मी मुळातून वाचायला घेतला, तो शिकवण्याच्या निमित्ताने. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ प्रौढांमधील परस्परसंमतीच्या, खासगीतल्या संबंधांना लागू होणार नाही, असे सांगणारा हा निकाल. त्यात जगभरातल्या न्यायनिर्णयांचे दाखले आहेत. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, युरोपचे मानवाधिकार न्यायालय ही नावे अपेक्षितच होती. मी थबकले ती 'टूनेन विरुद्ध ऑस्ट्रेलिया' या नावापाशी. हा टूनेन कोण, म्हणून शोध घेतला तेव्हा कळले, की तो टास्मानियाचा. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, बटाटे, सफरचंदे आणि मेंढ्या यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या, आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्यापेक्षाही कमी वस्तीच्या बेटाचा. मुंबई-दिल्लीतल्या माणसांच्या खासगी आयुष्याला आधार देणारा एक महत्त्वाचा दाखला तिथे तयार झाला होता, आणि तो तयार करण्याची वेळ यावी इतका तिथला विरोध कडवा होता.

दोन्हीकडच्या कायद्यांचे गोत्र एकच. मेकॉलेने १८३७ मध्ये मसुदा केलेली आणि १८६० मध्ये संमत झालेली आपली दंड संहिता, आणि टास्मानियाची १९२४ ची फौजदारी संहिता, या दोन्हींत 'निसर्गक्रमाविरुद्ध' या अर्थाचे तेच शब्द होते. आपल्याकडे शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. टास्मानियात कलम १२२ खाली कमाल एकवीस वर्षे, आणि शिवाय फक्त पुरुषांसाठी कलम १२३. इंग्लंडने १९६७ मध्ये आपल्या घरातला हा कायदा सैल केला. ऑस्ट्रेलियात १९७५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाने सुरुवात केली आणि मग एकेक प्रांत त्या वाटेने गेला. १९९० मध्ये क्वीन्सलंडही गेले. टास्मानिया तेवढे उरले. पुढची सात वर्षे ते एकटेच उरले होते.

का, या प्रश्नाचे तयार उत्तर सगळ्यांच्या जिभेवर असते. खेडवळ भाग, चर्चचा पगडा, शिक्षण कमी. दुसरे काय होणार? आपल्याकडे मराठवाड्याबद्दल किंवा कोकणातल्या आतल्या गावांबद्दल पुण्या-मुंबईत हेच उत्तर दिले जाते. मला ते कधीच पटलेले नाही. खेडे आपोआप सनातनी नसते. सनातनीपणालाही इतिहास असतो, तो कुणाच्या तरी हिताचा असतो आणि त्याची सुरुवात बहुधा कुठल्या तरी अपमानात असते. टास्मानियाच्या बाबतीत तो अपमान कागदोपत्री नोंदलेला आहे.

टास्मानियाचे जुने नाव व्हॅन डीमन्स लँड. ब्रिटिशांनी १८०३ साली तिथे वसाहत केली आणि पुढच्या पन्नास वर्षांत सत्तर हजारांहून अधिक कैदी तिथे आणून टाकले. तिथे आधीपासून राहणाऱ्या आदिवासींचे काय केले, ही वेगळी आणि याहून भीषण कथा आहे. कैद्यांमध्ये पुरुषांची संख्या फार मोठी. मग इंग्लंडमध्ये ही काळ्या पाण्याची पद्धत बंद करण्यासाठी चळवळ उभी राहिली, तेव्हा तिच्या पुढाऱ्यांना एक जालीम हत्यार सापडले. कैद्यांना होणाऱ्या फटक्यांच्या हकिकतींनी लंडनची मने जेवढी हलत नव्हती, तेवढी ती 'अनैसर्गिक पापाच्या' हकिकतींनी हलत होती. १८३७-३८ मध्ये संसदेची एक चौकशी समिती बसली. तिचे अध्यक्ष विल्यम मोल्सवर्थ. (आपल्या शब्दकोशाचे मोल्सवर्थ ते हे नव्हेत, ते जेम्स थॉमस.) या समितीपुढे झालेल्या साक्षींत कैद्यांच्या वस्त्या म्हणजे सदोम-गमोराच, असे चित्र रंगवले गेले. १८४१ मध्ये स्त्री-कैद्यांच्या शिस्तीची चौकशी सुरू झाली, तिच्यातही बायकांच्या आपसातल्या संबंधांबद्दल साक्षी घेतल्या गेल्या.

या कुजबुजीने एका लेफ्टनंट-गव्हर्नराचाही बळी घेतला. जॉन अर्डली-विल्मट यांना वसाहतमंत्री ग्लॅडस्टनने १८४६ मध्ये परत बोलावले. हेच पुढे चार वेळा पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन. कारण दिले ते कैद्यांच्या नैतिक सुधारणेकडे दुर्लक्ष केल्याचे, आणि त्याच्या मुळाशी छावण्यांतल्या याच 'पापाची' चिंता होती. विल्मट यांच्या खासगी वर्तनाबद्दल ऐकीव अफवांवर आधारलेले एक पत्र वेगळे होते ते होतेच. आपली बाजू मांडत ते होबार्टमध्येच राहिले आणि १८४७ च्या फेब्रुवारीत तिथेच वारले.

कैद्यांचे शेवटचे जहाज १८५३ साली आले. १ जानेवारी १८५६ पासून बेटाने आपले नाव बदलले. व्हॅन डीमन्स लँड म्हटले की लोकांच्या मनात जे येई, ते पुसायचे होते. नाव बदलल्याने डाग जाईल, अशी आशा आपल्यालाही अपरिचित नाही. पण पुढच्या पिढ्यांनी केवळ नाव पुसले नाही, वंशवेलीही पुसल्या. आजोबा बेड्या घालून आले होते हे नातवंडांना सांगायचे नाही, असा घराघरांत दंडक झाला. डाग दोन होते, गुन्हेगारीचा आणि त्या दुसऱ्या गोष्टीचा, आणि दोन्ही एकाच जहाजाने आलेले. त्यामुळे एकाबद्दल बोलणे म्हणजे दुसऱ्याबद्दल बोलणे, अशी गाठ पडून गेली.

ही गाठ सगळ्यात घट्ट बसली ती वायव्य किनाऱ्यावर. मी दोन वर्षांपूर्वी मुलीकडे मेलबर्नला गेले होते, तेव्हा रात्रीच्या बोटीने बास सामुद्रधुनी ओलांडून पहाटे डेव्हनपोर्टला उतरले. तिथून पश्चिमेला अल्व्हरस्टन, बर्नी आणि टोकाला स्मिथटन अशी गावे समुद्राला लागून ओळीने आहेत. माती आपल्या महाबळेश्वर-पाचगणीकडच्या मातीसारखी लालभडक. बटाटा, कांदा, दुभती जनावरे, आणि औषध-कंपन्यांसाठी सरकारी परवान्याने पिकवलेली अफू. तिच्या शेतांच्या कुंपणांवर आत शिरू नका अशा इशाऱ्याच्या पाट्या. अल्व्हरस्टन हे आपल्याकडच्या लहानशा तालुक्याच्या गावाएवढे. मधोमध युद्धात गेलेल्यांच्या स्मारकाचा घड्याळाचा मनोरा आणि कडेने वाहणारी नदी. घाईत असलेला माणूस मला दिवसभरात दिसला नाही.

हा भाग मुख्यतः १८५० नंतर, जंगल तोडून वसवला तो छोट्या शेतकऱ्यांनी. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन अशा पंथांचे हे लोक. दारू वर्ज्य, रविवारी काम वर्ज्य. आपण दक्षिणेकडच्या कैद्यांच्या होबार्टसारखे नाही, याचा त्यांना अभिमान. नावे पाहिली तर चार-पाच आडनावे सगळीकडे. कुणाचा मेहुणा बँकेत, कुणाची मावशी शाळेत, कुणाचा चुलतभाऊ पोलिसात. अशा गावात समलिंगी माणसे नव्हती असे मुळीच नाही. कोणते दोन अविवाहित 'मित्र' तीस वर्षे एका छपराखाली राहतात, हे सगळ्यांना माहीत असे. फक्त त्याला शब्द द्यायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ झाकलेली राहीपर्यंत त्या दोघांच्या घरी ख्रिसमसचा केक जाई; उघडली की पोलीस येत.

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे, पण तिच्यात एक फरक आहे. आपल्या खेड्यांत देवीच्या नावाने सोडलेल्या जोगत्याला, तमाशातल्या नाच्याला एक जागा होती. अपमानाची, पण जागा. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांनी त्या जागेची किंमत काय असते हे मराठी वाचकाला दाखवले आहे. मात्र नांगर धरणारा, दाढीमिशा असणारा पुरुष दुसऱ्या तशाच पुरुषावर जीव लावतो, तेव्हा त्याला आपल्याकडेही शब्द नसतो. त्याचे लग्न लावून देतात. आणि शब्द उच्चारला तर काय होते, हे र. धों. कर्व्यांनी अनुभवले. 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी हस्तमैथुन आणि समसंभोग यांविषयी सरळ उत्तरे दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. गुन्हा कृतीचा नव्हता, उत्तर देण्याचा होता.

टास्मानियात पहिल्यांदा उत्तर देणाऱ्यांपैकी एक म्हणजे डॉ. बॉब ब्राऊन. लॉन्सेस्टनमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या या माणसाने १९७६ मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. पुढे हेच ब्राऊन फ्रँकलिन नदीवरच्या धरणाविरुद्धच्या लढ्याचे नेते झाले, १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते धरण थांबवले, आणि इथून गोष्टीला अनपेक्षित वळण लागले. धरण म्हणजे रोजगार. पाठोपाठ १९८९ च्या मार्चमध्ये वायव्य किनाऱ्यावरचा वेस्ली व्हेलचा कागद-लगद्याचा प्रस्तावित कारखाना रद्द झाला. तिथल्या विरोधाचे नेतृत्व ख्रिस्टिन मिल्न या त्याच भागात दुधाच्या धंद्यातल्या घरात वाढलेल्या शिक्षिकेने केले होते. त्याच वर्षी मे महिन्यातल्या निवडणुकीनंतर मजूर पक्षाचे सरकार ब्राऊन यांच्या हरित गटाच्या टेकूवर उभे राहिले. कामगार आणि शेतकरी संतापले होते. आपली धरणे, आपली जंगले, आपले कारखाने बाहेरचे लोक ठरवतात. त्यांचा म्होरक्या 'तसला'. आणि आता तेच आपल्याला नीती शिकवणार. एवढी साधी साखळी होती ती. पोटाचा राग आणि लाज यांची अशी सांगड घातली गेली, की चर्चच्या व्यासपीठावरून जे साधले नसते ते गावच्या सभागृहात साधले.

ठिणगी मात्र होबार्टला पडली. शहरातल्या सॅलमँका मार्केटमध्ये दर शनिवारी बाजार भरतो. १९८८ मध्ये 'टास्मानियन गे लॉ रिफॉर्म ग्रुप' या गटाने तिथे कायदाबदलाच्या अर्जावर सह्या घेण्यासाठी एक टेबल मांडले. महापालिकेने बंदी घातली. गटाने पुढच्या शनिवारी पुन्हा टेबल मांडले, पोलिसांनी उचलून नेले, आणि हे आठवड्यामागून आठवडे चालले. सुमारे १३० जणांना अटक झाली. त्यांच्यात समलिंगी नसलेलेही पुष्कळ होते. अर्ज हातात धरणे किंवा त्या टेबलापाशी उभे राहणे अटकेला पुरे होते. अखेर डिसेंबरमध्ये महापालिकेने बंदी मागे घेतली. आपल्याकडच्या सत्याग्रहांच्या इतिहासात हे प्रकरण शोभून दिसले असते.

होबार्टमध्ये टेबल टिकले, त्याची प्रतिक्रिया वायव्येत उमटली. १९८९ पासून अल्व्हरस्टनमध्ये आणि आसपासच्या गावांत समलिंगी-विरोधी जाहीर सभा सुरू झाल्या. शेकडो माणसे येत. 'नैतिक प्रदूषणाविरुद्ध चिंतित रहिवासी' अशा धर्तीच्या नावांच्या संघटना निघाल्या. सभा म्हणजे आपल्या शेजारची माणसे: शाळेचे शिक्षक, नगरसेवक, दूधवाला. या सभांत काय बोलले जाई, याची नोंद पुढे थेट संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत झाली. टूनेन यांनी समितीपुढे मांडलेल्या तक्रारीत म्हटले आहे, की काही सभांमध्ये टास्मानियातल्या सगळ्या समलिंगींना गोळा करून एखाद्या निर्मनुष्य बेटावर नेऊन टाकावे, किंवा त्यांची सक्तीने नसबंदी करावी, अशा सूचना झाल्या.

हे वाचताना मी पुन्हा मागचे पान उलटून पाहिले. निर्मनुष्य बेटावर नेऊन टाकणे! ज्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना इंग्लंडने नेमके हेच केले होते, त्या बेटावरच्या माणसांना आणखी एक ओसाड बेट हवे होते. दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या सभ्य गृहस्थांनी या बेटाकडे बोट दाखवून जे म्हटले, ते आता बेटावरचे सभ्य गृहस्थ आपल्यातल्याच काहींकडे बोट दाखवून म्हणत होते. लाज अंगावरून झटकायची तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकावी लागते. मला तरी त्या सभांचे याहून सरळ स्पष्टीकरण सापडलेले नाही. धर्मग्रंथातली वचने तिथे होती, पण ती शेजारच्या प्रांतांतल्या चर्चमध्येही तेवढीच होती आणि तिथे अशा सभा भरल्या नाहीत.

एड्सची भीती होतीच. खालच्या सभागृहाने कायदाबदलाला दिलेली मंजुरी वरच्या सभागृहाने १९९१ मध्ये फेटाळली. त्या सभागृहात एकोणीस सदस्य, बहुतेक अपक्ष, आणि ग्रामीण मतदारसंघांचे पारडे जड. बेटावरचा रस्ता बंद झाला.

मग दोन तरुणांनी बेटाबाहेरचा रस्ता शोधला. निक टूनेन आणि रॉडनी क्रूम. क्रूम हे वायव्येतल्याच एका दूध-उत्पादक शेतकरी कुटुंबातले, म्हणजे ज्या गावांत सभा भरत होत्या तिथलेच. ऑस्ट्रेलियाने नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा ऐच्छिक मसुदा स्वीकारला होता. तो २५ डिसेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रेलियाला लागू झाला आणि व्यक्तीला थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागता येऊ लागली. नाताळच्या त्याच दिवशी टूनेन यांची तक्रार दाखल झाली. ऑस्ट्रेलियातून गेलेली ती पहिलीच. टूनेन तेव्हा एड्सविषयक काम करणाऱ्या संस्थेत होते. तक्रारीमुळे आपली नोकरी गेली, असे त्यांनी समितीला कळवले.

पुढचा युक्तिवाद कायद्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने टूनेन यांचे म्हणणे बहुतांशी मान्यच केले; बचाव केला तो टास्मानियाच्या सरकारने. पहिला मुद्दा, एड्स रोखण्यासाठी कायदा हवा. समितीने विचारले, की ज्यांना गाठायचे तेच लोक भीतीने दडून बसत असतील तर रोग कसा रोखणार? दुसरा मुद्दा महत्त्वाचा: नीती ही स्थानिक बाब आहे, आमच्या लोकांची नीती आम्ही ठरवू. यावर समितीचे उत्तर दुहेरी होते. नीती म्हटले की ती बाब केवळ देशांतर्गत, असे मानले तर कुठल्याही सरकारला खासगी आयुष्यात वाटेल तेवढे शिरता येईल. आणि दुसरे, कितीतरी वर्षे तुम्ही या कलमांखाली कुणावर खटला भरलेला नाही. मग ती कलमे तुमच्या नीतीसाठी इतकी आवश्यक आहेत हे कसे मानायचे? ३१ मार्च १९९४ रोजी समितीने करारातल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग झाल्याचे मत दिले.

न वापरलेला कायदा निरुपद्रवी असतो, हे आपल्याकडेही फार ऐकले आहे. २०१३ मध्ये दिल्लीचा निकाल फिरवताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, दीडशे वर्षांत या कलमाखाली अहवालात आलेले खटले अगदी थोडे आहेत, याला महत्त्व दिले होते. टास्मानियाच्या वायव्य किनाऱ्यावरची माणसे या युक्तिवादाला हसली असती. तिथे त्या कलमांखाली वर्षानुवर्षे खटला नव्हता. पण घरमालकाला, मुख्याध्यापकाला, सभेतल्या वक्त्याला ती रोज उपयोगी पडत होती. समोरचा माणूस कायद्याने गुन्हेगार आहे एवढे माहीत असले की बाकीचे सगळे आपोआप होते.

केंद्राने १९९४ च्या डिसेंबरात कायदा करून प्रौढांच्या खासगी संबंधांना संरक्षण दिले. टास्मानिया तरी हटेना. क्रूम, टूनेन आणि त्यांचे साथीदार यांनी या लढ्यात एक विलक्षण गोष्ट केली. ते होबार्टच्या पोलीस मुख्यालयात गेले आणि आपण हा गुन्हा केला आहे, अशी शपथपत्रे त्यांनी दिली. करा अटक! खटला भरणे लोकहिताचे नाही, असे सांगून सरकारी वकिलांनी नकार दिला. गुन्हा कबूल, पुरावा समोर, कायदा जागेवर, आणि खटला नाही. हा पेच घेऊन प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. टास्मानियाने म्हटले, खटलाच नाही तर वाद कसला? २६ फेब्रुवारी १९९७ रोजी न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. त्यानंतर मिल्न यांचे विधेयक आले. मुख्यमंत्री टोनी रंडल हे त्याच वायव्येतल्या ब्रॅडन मतदारसंघाचे. त्यांनी आपल्या सदस्यांना विवेकाप्रमाणे मत द्यायला मोकळे सोडले. १ मे १९९७ रोजी वरच्या सभागृहात ते एका मताच्या फरकाने संमत झाले.

बहुतेक कहाण्या इथे संपतात: मागासलेला प्रांत, बाहेरचा दट्ट्या, शेवटी सुधारणा. पण बाहेरच्या दट्ट्याने कायदा बदलतो, बटाट्याच्या शेतातले बोलणे बदलत नाही. ते कशाने बदलले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

माझे मत असे, की त्या सभांनीच ते बदलले. सभांनी झाकलेली मूठ उघडली. दीडशे वर्षे ज्या शब्दाने घरातली हवा बिघडत होती, तो शब्द वर्तमानपत्रात, रेडिओवर, दुधाच्या डेअरीत दहा वर्षे रोज उच्चारला गेला. आणि तो उच्चारला जाताना समोर कोण होते? शहरी, परका, दूरचित्रवाणीवरचा चेहरा नव्हता. आपल्याच बोलीत बोलणारा, गाईची धार काढता येणारा क्रूम घराण्यातला मुलगा होता. सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांना केव्हातरी कळत गेले, की बेटावर न्यायच्या माणसांच्या यादीत आपला पुतण्या आहे. चार आडनावांच्या गावात हे लवकर कळते. ज्या नात्यांच्या जाळ्याने इतकी वर्षे तोंड बंद ठेवले, त्याच जाळ्यातून उलटी बातमीही फिरली. महानगरात अशा माणसाशी संबंध तोडून टाकणे सोपे. ज्याच्याकडून ट्रॅक्टर मागायचा आहे त्याच्याशी कसे तोडणार?

कायद्याचा बदलही तिथल्यांनीच पुढे रेटला. १९९८ मध्ये टास्मानियाने केलेला भेदभावविरोधी कायदा ऑस्ट्रेलियात अत्यंत कडक मानला जातो. दोघांना आपल्या नात्याची नोंद करण्याची सोय प्रांताने २००४ पासून दिली, तीही देशात प्रथम.

१९९७ नंतर वीस वर्षांनी मोजमाप झाले. समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी का, यावर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाने टपालाने कौल घेतला. टास्मानियात होकार ६३.६ टक्के, म्हणजे राष्ट्रीय ६१.६ टक्क्यांहून जास्त आणि सिडनीच्या न्यू साउथ वेल्सपेक्षा (५७.८) बराच जास्त. वायव्येचा ब्रॅडन मतदारसंघ, जिथे अल्व्हरस्टन येते, बेटावर सगळ्यात मागे होता. तरी होकार ५४ टक्के. सगळ्यात मोठा नकार देशात कुठे आला? महानगरात. पश्चिम सिडनीच्या ब्लॅक्सलंडमध्ये जवळपास ७४ टक्के लोकांनी नाही म्हटले. शेजारच्या पॅरामाटातही नकार साठ टक्क्यांच्या वर गेला. या पट्ट्यात लेबनीज, चिनी, व्हिएतनामी आणि भारतीय स्थलांतरित मोठ्या संख्येने आहेत; आपली मराठी कुटुंबेही आहेत. कुणी काय मत दिले हे कौलातून कळत नाही, आणि मी कुणाच्या लिफाफ्यात डोकावणार नाही. एवढेच नोंदवते, की आपण आपल्या देशातून विद्या, पैसा आणि पासपोर्ट घेऊन जातो, तसे ते 'निसर्गक्रमाविरुद्ध'चे जुने सामानही नेतो. विमानतळावर त्याचे वजन होत नाही. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ ची ही बाजू रद्द केली, नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलेच नाही. आणि तरीही आपल्या किती तालुक्यांत तो शब्द उच्चारला गेला आहे?

मधल्या काळात जी मुले वायव्येत वाढली, त्यांचे काय झाले, याचा एक पुरावा जगभर पाहिला गेला. हॅना गॅड्सबी यांचा जन्म १९७८ मधला, गाव स्मिथटन. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'नॅनेट' या विनोदी एकपात्री प्रयोगात त्यांनी सांगितले, की ज्या माणसांत त्या वाढल्या, त्यांच्यातल्या दहांपैकी सातांना समलिंगी असणे गुन्हा असावा असे वाटे. त्या प्रयोगात विनोद मध्येच थांबतो. ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांना सांगायला नको. सभांच्या काळात अकरा ते एकोणीस वर्षांचे असणे म्हणजे काय, हे आकड्यांत येत नाही. किती मुले बोटीने मेलबर्नला गेली ती परत आलीच नाहीत, आणि किती कुठेच गेली नाहीत, हेही येत नाही.

होबार्टच्या महापालिकेने २००८ मध्ये सॅलमँकाच्या अटकांबद्दल माफी मागितली. क्रूम यांना २००३ मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०१७ च्या एप्रिलमध्ये प्रांताचे मुख्यमंत्री विल हॉजमन यांनी, ज्यांच्यावर खटले झाले त्या सर्वांची, संसदेत सरकारतर्फे माफी मागितली. त्याच वर्षी जुन्या शिक्षांच्या नोंदी पुसण्याचा कायदा झाला.

नोंद मात्र आपोआप पुसली जात नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो. शिक्षा झालेला माणूस हयात नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला तो करता येतो: भावाला, बहिणीला, मुलाला. अर्जावर कलमाचा उल्लेख करायचा आणि मृताशी आपले नाते काय ते लिहायचे.